कोटीवरचा एक

१

आकाराम जगदाळ्यांच्या नातीला, शिवांजलीला, पहिली मुलगी झाली आणि औंधाला यमाईच्या डोंगराखालच्या घरात तिचं बारसं घातलं, ते साल दोन हजार पंचवीस. महिना फेब्रुवारीचा. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या होत्या, घुगऱ्या शिजल्या होत्या. आत्याबाई बाळाच्या कानाशी वाकली आणि नेमका तेव्हाच शिवांजलीचा फोन वाजला.

फोन ठेवून ती म्हाताऱ्याजवळ आली.

"आबा, ब्राह्मीचा फोन. काल पहाटं तिची सासू गेली. आन् गाव म्हणतंय, हिनंच जिन्यावरनं ढकलली."

ब्राह्मी ही फलटणच्या जैन व्यापाऱ्याची मुलगी. साताऱ्याच्या वसतिगृहात शिवांजलीच्या खोलीत तीन वर्षं राहिलेली. लग्न होऊन सांगलीच्या पल्याड वारणेकाठी उंबरगोंडला गेली होती. बारशाला बाळासाठी कुंची घेऊन ती येणार होती.

"का ढकलली म्हणं?" आकारामांनी विचारलं.

"सासू बारशाला सोडत नव्हती म्हणून."

"म्हंजे माझ्या पणतीच्या घुगऱ्यांपायी खून. बरं हाय. आनि काय?"

"तिचं चार वर्षांचं पोरगं चुलतसासऱ्यानं उचलून स्वतःच्या घरी नेलंय. म्हणतोय, खुनी बाईच्या हातात मगदुमांचा वंश देणार न्हाई. नवरा मस्कतला हाय, त्याला अजून विमान मिळंना. आबा, पोलीस उद्या तिला नेणार हायत."

आकाराम जगदाळे पोलिसांत शिपाई म्हणून शिरले आणि फौजदार होऊन बाहेर पडले. एवढ्या नोकरीत त्यांनी माणूस जातीविषयी एकच मत बनवलं होतं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी घुगऱ्यांची वाटी संपवली, बाळाचं नाव ऐकून घेतलं आणि टोपी घातली.

"रडायला सांगू नको तिला," ते म्हणाले. "रडणारी बाई बघितली की गावाला खात्री पटती."

२

उंबरगोंडच्या वेशीपासून बस्तीपर्यंत, म्हणजे जैनांच्या देवळापर्यंत, दोन्ही बाजूंना फलक लावले होते. प्रत्येकावर विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष पारस चौगुले हात जोडून उभे. फलकांवर भगवान बोटाएवढे आणि चौगुले पुरुषभर. त्याखाली मजकूर : 'कोटी णमोकार जप सांगता सोहळा. कोटीवा जप मंत्रिमहोदयांच्या मुखातून.' दिवाळीपासून गावातल्या बाया रोज बस्तीत बसून या जैन मंत्राचा जप करत होत्या. कोटीवा तेवढा मंत्र्यासाठी राखून ठेवला होता. भाकरी एकीनं थापायची, दुसरीनं भाजायची, आणि तिसऱ्यानं मिशीला तूप लावून यायचं, त्यातलाच हा प्रकार.

सोहळा गुरुवारी व्हायचा होता. गुरुवारी पहाटे ब्राह्मीची सासू, जपाची मोजदाद ठेवणाऱ्या त्रिशलाअक्का मगदूम, बस्तीच्या मागच्या दगडी जिन्याखाली मरून पडलेल्या सापडल्या. मंत्र्याची गाडी अर्ध्या वाटेवरून परत गेली. गावात अक्कांपेक्षा गाडीची हळहळ जास्त होती.

तपास यशराज माने नावाच्या तरुण फौजदाराकडे होता. जुन्या फौजदाराला त्यानं मान दिला, खुर्ची दिली आणि अडचण सांगितली.

"साहेब, सरळ केस आहे. बुधवारी दिवस मावळायच्या आधी सून जेवण घेऊन बस्तीच्या वरच्या खोलीत गेली, जप संपेपर्यंत अक्का तिथंच राहत होत्या. सासू-सुनेचं भांडण झालं, खालच्या बायांनी ऐकलं. सून रडत निघून गेली. त्यानंतर कुणी वर गेलं नाही. डॉक्टर म्हणतात, पडल्या त्या दिवेलागणीच्या सुमारास. कंबरेचं हाड मोडलं, डोक्याला खोक. पण जीव गेला पहाटे."

"रातभर जित्ती होती?"

"हो. कुणी बघितलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टरांचं म्हणणं."

"आनि रातभर एवढ्या गर्दीच्या गावात कुणी जिना चढला न्हाई."

"अक्कांनी मौन धरलं होतं. सकाळपर्यंत कुणी वर जायचं नाही, असा निरोप होता."

"निरोप कुणी दिला?"

"अध्यक्षांनी."

आकाराम वरची खोली बघायला गेले.

खोली लहान होती. आतल्या बाजूला खिडकी, ती थेट बायांच्या बैठकीवर उघडणारी. मागे दार, दाराबाहेर जिना. एक चटई, पाण्याचा तांब्या ठेवायची मोकळी तिवई, आणि कोनाड्यात पितळेच्या तीन वाट्या. एकीत हळकुंडं, शिगोशीग. दुसरीत थोड्या सुपाऱ्या. तिसरीत चार चिंचोके. दाराशी हवालदार ज्योतिबा पहाऱ्याला बसून काहीतरी चघळत होता.

"ह्या वाट्या?"

"स्वयपाकाचं आसंल, साहेब."

"देवळात स्वयपाक करत्यात व्हय रं? आनि चार चिंचोक्यांचं काय शिजतं?"

ज्योतिबानं चघळायचं थांबवलं.

"तांब्या कुठाय?"

"तो खाली घावला, साहेब. म्हातारीच्या हातात."

३

चुलतसासरा रायगोंडा मगदूम ओट्यावर पाय पसरून बसला होता. आत कुठंतरी एक लहान मूल किरकिरत होतं.

"तुमची वहिनी कशी होती?" आकारामांनी विचारलं.

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू न्हाई म्हणत्यात. म्हणून मी गप बसतो." मग तो अजिबात गप बसला नाही. "आवं, लय गर्वाची बाई. माझ्याशी उसाच्या बांधावरनं बोलणं सोडलं, ते सोडलंच. गावात कुणाला मोजायची न्हाई. जप मोजायला बसली तेवढीच."

"बुधवारी जप किती झाला, ते तुमाला काय बोलली?"

"मला? माझ्याशी ती भगवंताचं नावसुदीक बोलली नसती."

"मग सुनेनं ढकललं हे कशावरनं?"

"दुसरं कोण ढकलणार?"

"तुमी."

रायगोंडानं पाय आखडून घेतले. "मी दिवसभर पाव्हण्यांच्या मांडवाला बांबू लावत होतो. इचारा कुणालाबी."

आकारामांनी विचारलं, आणि ते खरं निघालं. माणूस हलका होता, पण खोटा नव्हता. पोरगं त्यानं उचललं ते पोराच्या नावच्या उसावर डोळा ठेवून. त्याला खुनाची गरज नव्हती. दुसऱ्यानं केलेला खून त्याला पुरत होता.

बस्तीचे पुजारी आर्जव उपाध्ये मात्र गोड बोलणारे. बोलताना त्यांची नजर सारखी मांडवाकडे जात होती.

"अक्का रोज आकडा सांगायच्या?"

"रोज. दिवस मावळताना. जो समोर असेल त्याला एकदाच सांगायच्या, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायच्या. चुकलं तर, 'कान भाड्यानं दिलेत काय' म्हणून विचारायच्या."

"बुधवारी तुमाला सांगितला?"

"हो, दुपारीच. नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव. म्हणाल्या, आता एकच राहिला, तो मंत्र्यांचा."

"झ्याक. देवानंच मंत्र्यासाठी जागा धरून ठेवली म्हणायची. रात्री तुमी कुठं होता?"

"गाभाऱ्याशेजारच्या खोलीत. झोपलो होतो."

"काय ऐकलं?"

"काही नाही," उपाध्ये म्हणाले. नको इतक्या लवकर म्हणाले.

४

पारस चौगुल्यांचं बेदाण्याचं शीतगृह होतं, आणि त्यांच्या बोलण्यालाही तसाच गारवा होता. त्यांनी आकारामांना आधी चहा दिला, मग बेदाणे दिले, मग आदर दिला.

"फार मोठी पोकळी निर्माण झाली, जगदाळेसाहेब. अक्का म्हणजे या जपयज्ञाच्या आधारस्तंभ."

"स्तंभ पडला तवा तुमी कुठं होता?"

चौगुल्यांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं. "मी त्यांना चार वाजता भेटलो. आनंदात होत्या. म्हणाल्या, पारस, जप पुरा झाला. एक कोटी एक."

"एक कोटी एक. नक्की?"

"नक्की. माझ्याकडून परत म्हणवून घेतलं. त्यांची पद्धत माहीतच आहे सगळ्यांना. मग म्हणाल्या, जेवण झालं की मी उद्या सकाळपर्यंत मौन धरणार. तेच मी संध्याकाळी खाली सांगितलं."

"उपाध्ये तर म्हणत्यात, दुपारी एक कमी होता."

"असेल. नंतर दोन झाले असतील."

"मग मंत्री काय म्हणणार होता? कोटी दोनवा?"

चौगुले हसले. हसताना त्यांचे दात फलकावरच्यासारखे दिसले. "समारंभ समारंभ असतो, साहेब. सून काय सांगते ते विचारा. तिचा आकडा फारच कमी आहे. सासू जप पुरा झाल्याचं चारला सांगते आणि दोन तासांनी तो कमी होतो? माझ्यावर बालंट आणायला बाईनं मनाचा आकडा ठोकून दिला. आधी सासू, आता मी."

बाहेर मांडवात संगमरवरी शिळा मखमलीखाली झाकून ठेवली होती. आकारामांनी मखमल उचलली. वर सोनेरी अक्षरं : 'एकूण जप १,००,००,००१.' खाली अध्यक्षांचं नाव, आकड्याहून ठसठशीत. शिळेच्या कडेचं सिमेंट वाळून पांढरं पडलं होतं, त्यावर कोळ्यानं जाळंही विणलं होतं. आकारामांनी नखानं सिमेंट खरवडून पाहिलं. नख तुटलं.

५

ब्राह्मी मगदुमांच्या घरात एकटी बसली होती. समोर नवी कुंची घडी घालून ठेवलेली.

"काका, माझं पोर मला द्या. मग तुरुंगात टाका हवं तर."

"तुरुंगात पोर नेत्यात व्हय? शुद्धीवर ये. भांडण झालं होतं?"

"झालं होतं. मी म्हटलं, शुक्रवारी एक दिवस औंधाला जाऊन येते. तर म्हणाल्या, पाळण्यातल्या पोरीला नाव नाही मिळालं तर काय ती पळून जाणार आहे? मीही बोलले. त्याही बोलल्या. आमचं रोजचंच होतं. त्यांच्याशी भांडलं नाही तर त्यांना जेवण जात नसे."

"मग आकडा सांगितला?"

"भांडण झाल्यावर, जेवून झाल्यावर. अठ्ठ्याण्णव लाख सतरा हजार सहाशे बत्तीस. मी परत म्हटला. मग म्हणाल्या, अजून दोन दिवसांचा जप शिल्लक आहे. पारस सारखा येतोय, पुरा झाला म्हण म्हणून. मी म्हणणार नाही. तो परत आला की त्याची शिळा त्याच्याच गळ्यात बांधते."

"मौनाचं बोलल्या?"

"अक्का आणि मौन? काका, त्या झोपेतसुद्धा टोमणे मारायच्या."

"हे फौजदाराला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, पुरावा काय? एकीकडे अध्यक्ष, दुसरीकडे मी. अध्यक्षांचा आकडा शिळेवर कोरलाय. माझा फक्त माझ्या तोंडात."

आकाराम उठले. त्यांच्याकडे आता तीन आकडे होते, एक मेलेली बाई होती, आणि आकड्यांपैकी कुठला तिचा हे सांगायला ती परत येणार नव्हती. उद्या सकाळी नऊला यशराज माने गाडी घेऊन येणार होता.

६

सकाळी आठ वाजता बस्तीत बाया जपाला बसल्या होत्या. सोहळा गेला, मंत्री गेला, तरी त्या आल्या होत्या. बोलावणं नसताना येणाऱ्या त्याच तेवढ्या. आकाराम पादत्राणं काढून आत गेले आणि कडेला बसलेल्या एका बाईला विचारलं, "बाई, अक्का जप मोजायच्या कशा?"

बाईनं डोळे उघडले. हातातली माळ बघितली आणि कपाळाला हात लावला.

"आवं काका, मोडली की माळ. चारच मणी ऱ्हायले होते. आता पयल्यापासनं."

"चारच तर हायत. पुढं म्हणा की."

"असं चालत न्हाई. मधी बोललं की ती माळ गेली. अर्धीमुर्धी आमी धरत न्हाई." बाईचं नाव दीपाली. आता माळ गेलीच होती, म्हणून ती सविस्तर बोलली. "येकशेआठ मणी पुरं झालं की एक माळ. घरी जाताना खिडकीखाली उभं ऱ्हायचं आन् वरडायचं, 'अक्का, सात' नायतर 'अक्का, नऊ.' अक्का वरनं म्हणायच्या, 'आलं.' झालं."

"वर त्या काय करायच्या?"

"ते कुणी बघितलंय? आमाला वर घ्यायच्या न्हाईत. म्हणायच्या, तुमी आलात की चटई मळती."

"म्हंजे त्यांच्याकडं माळा जायच्या. सुटा जप कधीच न्हाई."

"सुटा कसा जाईल? सुटं मणी घेऊन कोण येतंय?"

आकारामांनी खिशातून पेन्सिल काढली आणि आयुष्यात फार कमी वेळा केलं तसं केलं. ते एकटेच हसले.

"दीपालीबाई," ते म्हणाले, "तुमची माळ मोडली त्याचं पाप मला लागू द्या. एका बाईचं पोर सुटलं त्यात."

७

नऊ वाजता यशराज माने आला तेव्हा बैठकीत सगळे हजर होते. चौगुले, उपाध्ये, रायगोंडा, एका खांबाशी ब्राह्मी. बाया जागच्या हलल्या नव्हत्या. आकारामांनी मान्याला त्याचा फोन काढायला लावला.

"माझा हिशेब कच्चा हाय, म्हणून तुमचं यंत्र. पण पयलं तोंडी. एकशे आठ सम का विषम?"

"सम."

"समाची कितीबी पट करा, सम ते विषम होतं?"

"नाही."

"मग अध्यक्षांचा आकडा. एक कोटी एक. शेवटी एक. विषम. उपाध्यांचा आकडा, शेवटी नऊ. विषम. अख्ख्या गावानं जन्मभर माळा ओढल्या तरी असला आकडा पडायचा न्हाई. अक्काकडं फक्त पुऱ्या माळा जायच्या. तिच्या तोंडी विषम आकडा येणारच न्हाई."

चौगुले शांतपणे म्हणाले, "वरचा एक शकुनाचा असेल. आहेर करताना आपण शंभरावर एक ठेवतोच. अक्कांनीही ठेवला."

"ठेवला म्हणू. मग काढून टाका तो. किती ऱ्हायले?"

"एक कोटी."

"माने, भागा एकशे आठानं."

मान्यानं बोटं चालवली. चालवली आणि थांबली. "ब्याण्णव हजार पाचशे ब्याण्णव. बाकी चौसष्ट."

"चौसष्ट मणी हवेत लोंबकळत ऱ्हायले. ती माळ कुणाची? कुणाचीच न्हाई. एकशे आठाला नवानं भाग जातो, एक कोटीला जात न्हाई, अंकांची बेरीजच एक. माळेनं जपणाऱ्याला नेमका कोटी कधी पडतच न्हाई. एवढा मोठा सोहळा, एवढे फलक, आन् जो आकडा होऊच शकत न्हाई तो दगडात कोरून ठेवला. देवाच्या दारी एवढं अडाणीपण मी एवढ्या नोकरीत बघितलं न्हाई."

बायांमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. चौगुल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आता या पोरीचा आकडा," आकाराम म्हणाले. "अठ्ठ्याण्णव लाख सतरा हजार सहाशे बत्तीस. अंकांची बेरीज छत्तीस, नवानं जाते. शेवटचे बत्तीस, चारानं जातात. भागा."

"नव्वद हजार नऊशे चार," माने म्हणाला. मग हळू आवाजात, "बाकी शून्य."

"मनाचा आकडा ठोकून देणाऱ्याला हे एकशे आठात एखाद्या वेळी साधंल. साधलं असंल का हिला? ते वरच्या कोनाड्यात बघायचं."

सगळे वर गेले. मावले तेवढे आत, बाकीचे दारात. आकारामांनी तीन वाट्या चटईवर मांडल्या.

"अक्काला लिहिण्यावाचण्यापरीस वाटीवर भरवसा. एक माळ आली की एक चिंचोका. शंभर चिंचोके झाले की ते काढून एक सुपारी. दहा सुपाऱ्या झाल्या की एक हळकुंड. म्हंजे हळकुंड हजाराचं. चिंचोके किती?"

"चार."

"हळकुंडं मोजा."

दीपालीनं मोजली. नव्वद.

"नव्वद हजार, आन् वर चार. मधे नऊशे पायजेत. सुपाऱ्या नऊ असणार."

मान्यानं वाटी उपडी केली. सुपाऱ्या आठ होत्या.

चौगुल्यांनी एक लांब श्वास सोडला. "संपलं का कीर्तन? ही हळद आहे, साहेब, आणि या सुपाऱ्या. तुम्ही त्यातून जे हवं ते काढताय."

आकारामांनी आठही सुपाऱ्या वाटीत परत टाकल्या. मग त्यांनी दाराकडे बघितलं.

"ज्योतिबा, काल तू काय चघळत होतास रं?"

हवालदार ज्योतिबा आधी छताकडे बघत होता, मग पायाकडे. "साहेब, बसून बसून तोंड कडू झालं होतं. एकच घेतली."

"शंभर माळा खाल्ल्यास तू, गड्या. दहा हजार आठशे जप. पुण्य पोटात मावलं का?"

खोलीत हशा पिकला. नऊ पुऱ्या झाल्या. दाराशी उभ्या असलेल्या ब्राह्मीनं भिंतीला टेकून डोळे मिटले.

८

हशा ओसरल्यावर आकाराम चौगुल्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"आता हळू हळू जाऊ. अक्काकडं बुधवारी नव्वद हजार नऊशे चार माळा होत्या. कोटी एक हा आकडा तिनं तुमाला सांगितलाच न्हाई. तुमी तो दगडावरनं वाचला. दगड तर आधीच कोरून बसला होता, सिमेंटावर कोळी नांदतोय. म्हंजे चारची भेट खोटी. भेट खोटी, तर त्या भेटीत सांगितलेलं मौनबी खोटं. खरं ना?"

चौगुले दाराकडे सरकले. दारात बाया उभ्या होत्या.

"मग संध्याकाळी दिवे लागल्यावर तुमी खाली येऊन मौनाचा निरोप का दिला? वर कुणी जाऊ नये असं तुमाला का वाटलं? जिन्याखाली कोण पडलंय, ते तुमाला ठाऊक होतं म्हणून. सून रडत जिना उतरून गेली. मग त्याच जिन्यानं तुमी वर गेला."

"मी तिला ढकललं नाही." चौगुल्यांचा आवाज पहिल्यांदाच शीतगृहाबाहेर आला. "दंड धरला फक्त. म्हटलं, दोन दिवसांचा तर फरक, हो म्हण. मंत्री परत तारीख देणार नाही. ती हसली. म्हणाली, तुझ्या दगडालाच बसव जपाला. आणि जिन्याच्या तोंडाशी तांब्यासकट हात हिसकला. खालपर्यंत गेली. मला वाटलं, मेली."

"मेली असं वाटलं?"

"शपथ घेऊन सांगतो."

"मेलेल्या माणसाला मौन धरायला लागत न्हाई, चौगुले. ते धरतंच. मौन जित्त्या माणसाचं सांगावं लागतं. ती कण्हत होती, म्हणून तुमी निरोप दिला. तिनं हाक मारली तर कुणी जाऊ नये म्हणून. सकाळी सोहळा होता. म्हातारीला दवाखान्यात न्यायचं तर शिळा कोण उघडणार?"

दारातल्या घोळक्यात उपाध्ये खाली बसले.

"वाजत होतं," ते म्हणाले. "रात्री. तांब्या दगडावर आपटल्यासारखं. मला वाटलं, मौनात आहेत, खुणेनं पाणी मागत असतील. पण अध्यक्ष म्हणाले होते जाऊ नका. म्हणून मी गेलो नाही. बराच वेळ वाजलं. मग थांबलं."

"आन् नव्याण्णव लाखांचा आकडा?"

"सोहळ्याच्या पत्रिकेतला. मला अक्का काही बोलल्या नव्हत्या. मंत्रिसाहेबांपुढं बोलायला म्हणून पाठ केला होता."

आकारामांनी त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. धर्म सांगून पोट भरणाऱ्या माणसाला शेजारची बाई पाणी मागतेय हे कळलं होतं, आणि तो कूस बदलून झोपला होता. चौगुल्याला निदान कायदा होता. याला काय करणार?

मान्यानं चौगुल्यांना खाली नेलं. फलकांच्या दोन्ही रांगांमधून, हात जोडलेल्या स्वतःच्याच चेहऱ्यांमधून, ते गाडीपर्यंत चालत गेले. रायगोंडा कुणी काही म्हणायच्या आत घरी जाऊन पोरगं घेऊन आला.

"मला काय ठाऊक होतं, सूनबाई," तो म्हणाला. "गाव म्हणलं तसं मी म्हणलो."

ब्राह्मीनं पोर कडेवर घेतलं. "गाव उद्या म्हणेल पोराच्या उसावरचा डोळा काढ. तेव्हाही असंच ऐका, मामंजी."

आकारामांना वाटलं, सासूची जागा मगदुमांच्या घरात फार दिवस रिकामी राहणार नाही.

ती परत वर गेली. आठ सुपाऱ्यांच्या वाटीत तिनं घरून आणलेली नववी टाकली आणि खिडकीशी बसली. खालून दीपाली ओरडली, "वैनी, पाच." वाटीत पाच चिंचोके पडले. मग वरून आवाज आला, "आलं."

पुढच्याच आठवड्यात जप पुरा झाला. माळा ब्याण्णव हजार पाचशे त्र्याण्णव, जप एक कोटी चव्वेचाळीस. कुणी मंत्री आला नाही आणि आकडा कुठं कोरला नाही. ती संगमरवरी शिळा बस्तीमागच्या नळाखाली पालथी टाकली आहे. बाया तिच्यावर धुणं आपटतात.

त्रिशला मगदूम गुरुवारी, तेरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस रोजी, पहाटे वारल्या.